घाटउतारासाठी डिस्क ब्रेक: पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत

साध्या माउंटन बाइकवरचे डिस्क ब्रेक सपाट रस्त्यावर सहसा कमी पडत नाहीत. ते कमी पडतात उतारावर, आणि तेही अर्धा उतार झाल्यावर. लिव्हर हळूहळू ग्रिपकडे यायला लागतो, दोन बोटांचे काम चार बोटांना करावे लागते, मनगट भरून येते. मग दुकानात जाऊन पहिला प्रश्न विचारला जातो, ‘चार पिस्टनवाला ब्रेक केवढ्याला?’ तो प्रश्न यादीत शेवटी यायला हवा. त्याआधी तीन ठिकाणी कमी पैशांत जास्त जोर मिळतो.

ब्रेकचा जोर कशातून येतो ते एकदा नीट पाहिले की खरेदी सोपी होते. बोटांची ताकद, लिव्हर ती किती पट वाढवतो, पॅड ढकलणाऱ्या पिस्टनचे क्षेत्रफळ, पॅड आणि रोटर (चाकाबरोबर फिरणारी पोलादी चकती) यांच्यातले घर्षण, आणि रोटरची त्रिज्या, यांचा तो गुणाकार आहे. गुणाकारातला एक आकडा गडगडला की बाकीचे कितीही भारी असले तरी उत्तर लहानच येते. तेल लागलेले पॅड महागड्या कॅलिपरलाही, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागालाही, निकामी करतात. उलट साध्या कॅलिपरला स्वच्छ पॅड आणि मोठा रोटर दिला तर तो घाट निभावून नेतो.

आधी सध्याचा ब्रेक तपासा

केबलचे डिस्क ब्रेक असलेल्या बहुतेक सायकलींत एकच पॅड हलतो, बाहेरचा. तो रोटरला ढकलतो, रोटर किंचित वाकतो आणि आतल्या स्थिर पॅडवर जाऊन टेकतो. आतला पॅड लांब राहिला असेल तर लिव्हरची निम्मी चाल रोटर वाकवण्यातच संपते आणि जोर मिळत नाही. म्हणून आधी केबल सैल करा आणि कॅलिपरचा हात पूर्ण मोकळ्या जागी येऊ द्या. चाकाच्या बाजूने आतल्या पॅडचा स्क्रू आत फिरवा. बहुतेक कॅलिपरना तो ५ मिमीच्या ॲलन कीने किंवा टी२५ टॉर्क्स कीने फिरतो. पॅड रोटरला घासेपर्यंत आणा आणि घासणे थांबेल इतकाच मागे घ्या. त्यानंतर केबल ओढून आवळा. पॅड झिजले म्हणून फक्त केबल ओढत राहण्याची सवय फार आढळते. त्यात कॅलिपरचा हात आधीच अर्धा फिरलेला असतो आणि ऐन उतारात त्याची चाल संपते.

केबल गंजली असेल किंवा आउटर (केबलवरचे आवरण) चिरला असेल तर दोन्ही बदला. ब्रेकसाठी मिळणारा न दबणारा आउटर वापरला तर लिव्हर ओढताना होणारा लिबलिबीतपणा बराच कमी होतो. गिअरचा आउटर ब्रेकला कधीही लावू नका. त्याच्या तारा लांबीच्या दिशेने असतात आणि ब्रेकच्या ताणाखाली तो फाटू शकतो.

दुसरी तपासणी पॅडची. दुचाकीच्या सर्व्हिसिंगवर सायकल धुवायला दिली आणि तिथे डिझेल किंवा पॉलिश फवारले, किंवा साखळीवर स्प्रे मारताना मागच्या रोटरवर तुषार उडाले, तर पॅड तेल पितात. लक्षणे ठरलेली: ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. अशा वेळी रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कपडा बदलत पुसा आणि पॅड नवीन टाका. गॅसवर भाजून किंवा घासून तेल निघते असे सांगणारे पुष्कळ भेटतील. वरचा थर निघतो, पण पॅड तापला की आतले तेल पुन्हा पृष्ठभागावर येते. घाटात उतरायचे असेल तर तो प्रयोग नको.

पॅडवर तेल नसून फक्त चकाकी आली असेल तर ते गुळगुळीत झालेले आहेत. सपाट फरशीवर १२० नंबरचा पॉलिशपेपर ठेवून चकाकी जाईपर्यंत हलक्या हाताने घासा आणि पुन्हा बसवणी करा. बसवणीची रीत पुढे दिली आहे.

एवढ्याने ब्रेक ताळ्यावर आला तर नवीन ब्रेकचे पैसे वाचले.

रोटर: सर्वांत स्वस्त जोर

१६० मिमीऐवजी १८० मिमीचा रोटर लावला की त्याच बोटांच्या ताकदीत १२.५ टक्के जास्त ब्रेकिंग मिळते, कारण तरफ तितकी लांब होते. १६० वरून थेट २०३ वर गेलात तर जवळजवळ २७ टक्के. खर्च एक रोटर आणि एक अडॅप्टर (कॅलिपर तितका बाहेर सरकवणारा तुकडा). पैशाच्या हिशेबात याहून चांगला सौदा ब्रेकमध्ये दुसरा नाही.

मोठ्या रोटरचा दुसरा फायदा उष्णतेचा, आणि घाटात तोच खरा. सिंहगडाच्या डांबरी रस्त्याने खाली येताना साधारण ६०० मीटर उंची कमी होते. स्वार, सायकल आणि पाठपिशवी मिळून ९० किलो धरले तर सुमारे ५३० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. तेवढ्यात दीड लिटर पाणी उकळेल. काही भाग हवेचा विरोध आणि टायर खातात. पण ब्रेक धरून सावकाश उतरणाऱ्याच्या बाबतीत मोठा वाटा दोन पातळ पोलादी चकत्यांवर येतो. रोटर मोठा असला की धातू जास्त, हवेत उघडा पृष्ठभाग जास्त, म्हणून तो उशिरा तापतो आणि लवकर निवतो.

विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहून दुकानात जा.

फोर्क आणि फ्रेम किती मिमीपर्यंतचा रोटर सोसतात? स्वस्त सस्पेन्शन फोर्कना अनेकदा १८० मिमीची मर्यादा असते. ती फोर्कच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते. मर्यादा ओलांडली तर फोर्कच्या खालच्या पायावर तो ज्यासाठी बनलेला नाही असा पीळ येतो. इथे धाडस करू नये.

कॅलिपर कसा बसतो? बोल्ट चाकाच्या रेषेत, कॅलिपरमधून सरळ आत जात असतील आणि दोन भोकांत ७४ मिमी अंतर असेल तर ते पोस्ट माउंट. बोल्ट आडवे, हबच्या आसाला समांतर जात असतील आणि अंतर ५१ मिमी असेल तर आयएस. पोस्ट माउंटमध्ये १६० वरून १८० ला २० मिमीचा अडॅप्टर लागतो. १८० वरून २०३ ला २३ मिमीचा, आणि २०० ला पुन्हा २० मिमीचा. २०० आणि २०३ हे दोन वेगळे आकार आहेत. अडॅप्टर एकाचा आणि रोटर दुसऱ्याचा आणला तर पॅडची कड रोटरच्या बाहेर लटकते किंवा रोटरच्या हातांना घासते. आयएसमध्ये पुढचा आणि मागचा अडॅप्टर वेगळा मोजला जातो, म्हणून पाकिटावर एफ लिहिले आहे की आर ते बघून घ्या.

हब सहा बोल्टचा की सेंटरलॉक (एकाच रिंगने आवळायचा)? सहा बोल्टचा रोटर टी२५ टॉर्क्सने बसतो. बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांनी, थोडे थोडे आवळत जा. शिमानो सहा बोल्टच्या रोटरसाठी २ ते ४ न्यूटन-मीटर सांगते, स्रॅम ६.२. सेंटरलॉकची रिंग ४० न्यूटन-मीटरला आवळायची असते. घरच्या छोट्या पान्याने तेवढी आवळली जात नाही.

चौथी गोष्ट रोटरवरच कोरलेली असते आणि तरी सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते. स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असा शिक्का असेल तर त्यावर धातूचे पॅड चालत नाहीत. त्या रोटरचे पोलाद मऊ असते. धातूचा पॅड ते झपाट्याने खातो. शिमानोचा नवा रोटर १.८ मिमी जाड असतो आणि १.५ मिमीवर आला की बाद समजायचा. व्हर्निअर नसेल तर दुकानात मोजून घ्या, पण पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावरच मोजा. कडेला मोजले तर आकडा नेहमी छान येतो. २ मिमी किंवा २.३ मिमीचे जाड रोटर आकर्षक वाटतात, मात्र ते त्या जाडीसाठी बनवलेल्या कॅलिपरमध्येच बसवावेत.

बजेट एकाच मोठ्या रोटरचे असेल तर तो पुढे लावा. ब्रेक दाबताच वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच करते. मागचे चाक हलके होऊन घसरतेच, त्याला जास्त जोर देऊन हाती काही लागत नाही.

हायड्रॉलिकवर कधी जायचे

रोटर १८० चा झाला, पॅड स्वच्छ आहेत, तरी लांब उतारावर बोटे दुखतात, अशा वेळी केबलचा निरोप घेऊन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने चालणारा, ब्रेक घ्यायचा. हायड्रॉलिकमध्ये दोन्ही बाजूंचे पिस्टन एकत्र हलतात, पॅड झिजले की ते आपोआप पुढे सरकतात, आणि पावसाळ्यात केबलमध्ये चिखल जाऊन लिव्हर जड होण्याचा प्रश्न उरत नाही. सह्याद्रीत सायकल चालवणाऱ्याला हे शेवटचे कारणच पुरेसे आहे.

केबलच्याच जातीत एव्हिडचा बीबी७ आहे, ज्यात दोन्ही पॅड बाहेरून फिरवून जुळवता येतात, आणि टीआरपीचा स्पाइक आहे, ज्यात दोन्ही पॅड हलतात. दोन्ही उत्तम. पण नवे घ्यायला गेलात तर त्यांची किंमत साध्या हायड्रॉलिक जोडीच्या जवळ जाते किंवा पुढे निघते. लडाख-स्पितीसारख्या लांबच्या दौऱ्यावर, जिथे तुटलेली केबल कुठल्याही गावात बदलता येईल अशी खात्री हवी असते, तिथे त्यांना अर्थ आहे. शनिवार-रविवारच्या घाटांसाठी हायड्रॉलिकच घ्या.

इथे एक खर्च नेहमी नंतर लक्षात येतो. शिमानोच्या ईएफ५००सारख्या सेटमध्ये गिअरचा शिफ्टर आणि ब्रेकचा लिव्हर एकाच अंगात असतात. हायड्रॉलिक ब्रेक लावायचा तर तो अख्खा नग निघतो आणि स्वतंत्र शिफ्टर घ्यावे लागतात. ७ किंवा ८ स्पीडला एसएल-एम३१५सारखे साधे शिफ्टर चालतात, फक्त मागच्या गिअरची संख्या मोजून तेच घ्या. शिफ्टर टाळण्यासाठी काहीजण केबलने ओढले जाणारे हायड्रॉलिक कॅलिपर घेतात. लिव्हर जुना, केबल जुनी, तेल फक्त कॅलिपरमध्ये. साध्या केबल ब्रेकपेक्षा तो बरा असतो, पण केबलचे घर्षण आणि चिखल दोन्ही तसेच राहतात. त्यात पैसे घालण्यापेक्षा शिफ्टरमध्ये घालावेत.

कोणता ब्रेक

विश्वासाने घ्यावा असा सर्वांत स्वस्त हायड्रॉलिक म्हणजे शिमानोचा एमटी२००. दोन पिस्टन, मिनरल ऑइल, रेझिन पॅड. दिसायला साधा आणि वजनाने थोडा जड, पण वर्षानुवर्षे न कुरकुरता चालतो. त्याचे बी आकाराचे पॅड जवळपास प्रत्येक बऱ्या सायकल दुकानात मिळतात, आणि ही गोष्ट जोराइतकीच महत्त्वाची आहे. टेक्ट्रोचा एचडी-एम२७५ याच पातळीवरचा आहे आणि अनेक सायकलींवर कंपनीकडूनच येतो. तो आधीपासून असेल तर बदलू नका, त्याला मोठा रोटर द्या.

त्याच्या वरची पायरी लिव्हरची आहे. शिमानोच्या एमटी५०१ आणि डिओर एम६१०० लिव्हरमध्ये सर्व्होवेव्ह नावाची यंत्रणा आहे. सुरुवातीला लिव्हर पॅडना चटकन रोटरपर्यंत आणतो, आणि पॅड टेकले की तरफेची पट वाढते, म्हणजे तितक्याच बोटाच्या ताकदीत जास्त दाब. एमटी२००च्या लिव्हरमध्ये हे नाही. एका बोटाने ब्रेक धरून उरलेल्या तीन बोटांनी हँडल घट्ट पकडता येणे हा दगडाळ उतारावर सुरक्षिततेचा भाग आहे, चैन नव्हे.

मग येतात चार पिस्टन. चार म्हणजे दोनच्या दुप्पट जोर असा हिशेब नाही, कारण चारातला प्रत्येक पिस्टन लहान असतो. एकूण क्षेत्रफळ वाढते, पॅड लांब होतो, दाब आणि उष्णता जास्त जागेत पसरते, त्यामुळे लांब उतारावर ब्रेक जसा सुरुवातीला होता तसाच शेवटी राहतो. परवडणाऱ्या किमतीत शिमानोचे तीन आहेत: एमटी४२०, एमटी५२० आणि डिओर एम६१२०. एमटी४२० बहुधा एमटी४०१ लिव्हरसोबत येतो, आणि त्या लिव्हरमध्ये सर्व्होवेव्ह नसते. एमटी५२० ला एमटी५०१ लिव्हर आणि एम६१२० ला एम६१०० लिव्हर अशा जोड्या असतात. एमटी५२० आणि एम६१२० यांच्या कामात सांगण्यासारखा फरक नाही, जो स्वस्त पडेल तो घ्या. तिघांनाही डी आकाराचे पॅड लागतात. टेक्ट्रोचा एचडी-एम७४५ हाही चार पिस्टनचा आणि किमतीत समजूतदार पर्याय आहे. स्रॅमचा डीबी८ आणि मगुराचा एमटी५ ही आणखी वरची पायरी. एमटी५चा जोर त्याच्या किमतीच्या मानाने फार मोठा आहे, पण पॅड आणि सुटे भाग तुमच्या शहरात मिळतात का ते आधी विचारा. पुण्या-मुंबईत मिळाले म्हणजे कोल्हापूर-नाशिकात मिळतील असे नाही.

पैसे मोजके असतील तर पुढे चार पिस्टन आणि मागे दोन अशी जोडी करा. शिमानोचा एमटी५०१ लिव्हर एमटी५२० आणि दोन पिस्टनचा एमटी५०० या दोन्ही कॅलिपरसोबत चालतो. म्हणजे दोन्ही हातांना सारखा लिव्हर, पुढे एमटी५२०, मागे एमटी५००. पूर्ण चार पिस्टनच्या सेटपेक्षा खर्च कमी, आणि उतारावर फरक फारसा कळत नाही.

नाव नसलेले, ‘चार पिस्टन’ एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिलेले सेट ऑनलाइन भरपूर दिसतात. त्यात कोणते तेल आहे, कोणता पॅड बसतो आणि ब्लीड किट (आतली हवा काढण्याचे साहित्य) कुठले, या तीन प्रश्नांची उत्तरे वर्णनात नसतील तर ते घेऊ नका. पहिले पॅड संपेपर्यंत तो ब्रेक चालेल, त्यानंतर काय?

आणखी एक: आपल्याकडे दुचाकीप्रमाणे सायकललाही पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. परदेशी बाजारासाठी भरलेल्या सेटमध्ये पुढचा डावीकडे असतो, म्हणजे लांब होज (तेलाची नळी) उजव्या लिव्हरला जोडलेला येतो. शिमानोच्या सेटमध्ये पुढचा होज साधारण १००० मिमी आणि मागचा १७०० मिमी असतो. खरेदीपूर्वी ‘उजवा लिव्हर आणि १००० चा होज’ असे स्पष्ट विचारून घ्या. उलटे आले तर होज काढून अदलाबदल आणि ब्लीड करावे लागते, ते काम दुकानाचे वेगळे पैसे घेते.

किती वजनाला किती ब्रेक? पाठपिशवीसह ६५ किलोपर्यंतच्या स्वाराला डागडुजी केलेला केबल ब्रेक आणि पुढे १८० चा रोटर बऱ्याच रस्त्यांवर पुरतो. त्यापुढे साधारण ८० किलोपर्यंत, पसरणी किंवा ताम्हिणीसारखे घाट नियमित असतील तर एमटी२००, पुढे १८० आणि मागे १६०. ८० च्या वर, किंवा सामान लादून दौरे, किंवा तीव्र कच्च्या वाटा असतील तर पुढे चार पिस्टन आणि फोर्क सोसत असेल तर २०३, मागे १८०. चाक २९ इंची असेल तर एक पायरी वरची धरा. चाकाची त्रिज्या वाढली की तोच रोटर त्या मानाने लहान ठरतो.

तेल: इथे चूक म्हणजे कॅलिपर बाद

शिमानो, टेक्ट्रो, मगुरा आणि स्रॅमचा डीबी८ यांत मिनरल ऑइल असते. स्रॅमच्या गाइड, कोडसारख्या ब्रेकमध्ये डॉट ५.१ (दुचाकीत वापरतात तशा जातीचे ब्रेक ऑइल) असते. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. शिमानोमध्ये दुचाकीचे ब्रेक ऑइल भरले तर रबरी सील फुगतात, पिस्टन मागे येत नाहीत आणि लिव्हर अडकतो. तेल धुऊन काढून उपयोग नसतो, सील गेलेले असतात. ओळखीचा दुचाकी मेकॅनिक चांगल्या मनाने हे करून देईल, म्हणून सायकल त्याच्याकडे सोडताना लिव्हरवरचे अक्षर त्याला दाखवा.

डॉट ऑइल गल्लीतल्या दुकानात मिळते ही मोठी सोय. पण ते हवेतली आर्द्रता शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. नव्या डॉट ५.१ चा किमान २६० अंश सेल्सिअस, आर्द्रता शोषल्यावर तो १८० पर्यंत उतरतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने ते वर्षातून एकदा बदलावे, पावसाळा संपल्यावर. रंगावर सांडले तर रंग जातो. मिनरल ऑइल आर्द्रता शोषत नाही आणि हातालाही सौम्य असते. पहिलाच हायड्रॉलिक असेल तर मिनरलवाला घ्यावा.

पॅड

रेझिन पॅड शांत असतात, थंड असतानाही चांगले धरतात, पण लाल चिखल आणि वाळू त्यांना लवकर खातात. जुलै-ऑगस्टमध्ये एकाच लांब चिखलाच्या फेरीत निम्मा पॅड गेलेला दिसू शकतो. धातूचे पॅड जास्त टिकतात आणि उष्णतेत दगा देत नाहीत. त्याबदल्यात आवाज जास्त, सुरुवातीची पकड थोडी कमी, आणि कॅलिपरकडे जाणारी उष्णता जास्त. एमटी२०० ला रेझिनच ठेवा. चार पिस्टनवाल्यांना पावसाळ्यात धातूचे आणि उन्हाळ्यात रेझिन असा क्रम चांगला जमतो, रोटर धातूचा पॅड सोसणारा असेल तर. अर्धधातू नावाने मिळणारे पॅड या दोघांच्या मध्ये बसतात. घर्षणाचा थर ०.५ मिमीवर आला की शिमानोचा पॅड बदलायचा. त्याखाली गेला की मागची पोलादी पट्टी रोटरला खरवडते आणि पॅडच्या खर्चात रोटरचाही खर्च येतो. एक जास्तीची जोडी नेहमी हत्यारांच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये बांधून ठेवा.

लावणे आणि बसवणे

१. कॅलिपर जिथे बसतो तिथला रंगाचा जाड थर किंवा माती साफ करा. पृष्ठभाग तिरका असेल तर कॅलिपर कधीच सरळ बसत नाही, हे काम फेसिंगचे (पृष्ठभाग सपाट करण्याचे) हत्यार असलेल्या दुकानातून करून घ्या.

२. रोटर आणि आपले हात अल्कोहोलने पुसा. यानंतर रोटरला बोट लावू नका.

३. पिस्टन पूर्ण मागे ढकला. प्लास्टिकचा टायर लिव्हर वापरा, पेचकस नको. सिरॅमिकचे पिस्टन असतील तर ते टवके उडून फुटतात.

४. कॅलिपर सैल बोल्टवर ठेवा, चाक नीट बसवा, लिव्हर घट्ट दाबून धरा आणि तसेच धरून दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळा. शिमानोसाठी ६ ते ८ न्यूटन-मीटर.

५. मागे पांढरा कागद धरून कॅलिपरच्या फटीतून बघा. रोटरच्या दोन्ही बाजूंना उजेडाची रेघ दिसायला हवी. एका बाजूला नसेल तर बोल्ट किंचित सैल करून डोळ्याने सरकवा.

६. होज लांब असेल आणि कशात अडकत नसेल तर कापू नका. कापायचाच असेल तर धारदार कटरने अगदी काटकोनात कापा, नवी ऑलिव्ह (नटाखाली दबून सील करणारी कडी) आणि नवी इन्सर्ट (होजच्या तोंडात बसणारी छोटी नळी) वापरा. जुनी ऑलिव्ह एकदा दबली की पुन्हा सील करत नाही. नटला ८ मिमीचा पाना लागतो, ५ ते ६ न्यूटन-मीटर.

होज कापल्यावर थोडी हवा आत जातेच. शिमानोमध्ये लिव्हर आडवा करा, वरचा स्क्रू काढून फनेल बसवा, अर्धे तेल भरा. पॅड काढून कॅलिपरमध्ये ब्लीड ब्लॉक (पिस्टन मागे धरणारा ठोकळा) घाला. खालच्या निपलला तेल भरलेली सिरिंज लावा, निपल उघडा आणि सावकाश वर ढकला. फनेलमध्ये बुडबुडे यायचे थांबेपर्यंत ढकलत राहा, मग निपल बंद करा. लिव्हर हलके हलके दाबत राहा, होजला बोटांनी टिचक्या मारा, लिव्हर थोडा वर आणि थोडा खाली झुकवून तेच करा. शेवटी लिव्हर दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. स्क्रू बसवताना थोडे तेल बाहेर ओघळू द्या, म्हणजे वर हवा राहत नाही. पॅड आणि चाक या पूर्ण वेळात दुसऱ्या खोलीत असावेत.

चाक काढलेले असताना लिव्हर चुकूनही दाबू नका. दाबला की पिस्टन बाहेर येतात आणि रोटर आत जात नाही. सायकल गाडीतून नेताना फटीत प्लास्टिकचा तुकडा किंवा दुमडलेला जाड पुठ्ठा घाला.

नवे पॅड किंवा नवा रोटर लावल्यावर बसवणी केल्याशिवाय घाटात उतरणे धोक्याचे आहे. रोटरवर पॅडच्या साहित्याचा पातळ, समान थर बसल्याशिवाय पूर्ण पकड येत नाही. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत ब्रेक लावा, पूर्ण थांबू नका. असे सुमारे २० वेळा. नंतर थोडा जास्त वेग घेऊन १० वेळा. चाक लॉक होऊ देऊ नका. पुढचा आणि मागचा ब्रेक वेगवेगळा बसवा. पूर्ण थांबलात तर पॅडचा ठसा एकाच जागी चिकटतो आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला धडधड जाणवते.

बिघाड ओळखणे

लिव्हर स्पंजसारखा लागतो आणि दोन-तीनदा दाबला की घट्ट होतो: आत हवा आहे, ब्लीड करा. सायकल उलटी करून पंक्चर काढल्यावर असे झाले असेल तर ती सरळ उभी करून लिव्हर काही वेळ दाबत राहा, अनेकदा हवा वर परत जाते. लिव्हर घट्ट आहे पण ग्रिपच्या जवळ येऊन लागतो: पॅड झिजले आहेत किंवा पिस्टन पुढे सरकत नाही. पिस्टनच्या कडेला चिखल दिसत असेल तर पॅड काढून लिव्हर हळूच दाबत तो थोडा बाहेर आणा, मिनरल ऑइलच्या थेंबाने कापडाच्या पट्टीने कडा पुसा आणि मागे ढकला. डॉटवाल्या ब्रेकला डॉटचाच थेंब. पॅडच्या मागच्या बाजूला ओल दिसली तर पिस्टनचा सील गळतो आहे. परवडणाऱ्या शिमानोमध्ये सीलचे सुटे भाग मिळत नाहीत, कॅलिपरच बदलावा लागतो. म्हणून नवे पॅड टाकण्याआधी तो कोरडा आहे का ते दर वेळी बघा, नाहीतर नवे पॅडही वाया जातात.

एका फेऱ्यात एकदाच ‘शिक’ असा आवाज येत असेल तर रोटर वाकलेला आहे. तो कुठे लागतो ते शोधा, स्वच्छ कापडात धरून किंवा रोटरच्या हत्याराने किंचित विरुद्ध दिशेला वाकवा. थोडे वाकवा, फिरवून बघा, परत थोडे. पावसात ओला रोटर थोडा वेळ किंचाळतो, पाणी उडाले की थांबतो, त्याला औषध नको.

उतार अर्धा झाल्यावर जळका वास आला, लिव्हर लांब गेला किंवा घट्ट असूनही ब्रेक धरेनासा झाला तर लगेच बाजूला थांबा आणि दहा मिनिटे निवू द्या. गरम रोटरवर पाणी ओतू नका, तो वाकतो. पुढचा उतार सतत हलका ब्रेक धरून उतरण्याऐवजी वळणाआधी जोरात आणि थोडा वेळ दाबा, मग पूर्ण सोडा. सोडलेल्या वेळात रोटरला वारा लागतो. पहिल्या घाटानंतर घरी आल्यावर कॅलिपरचे आणि रोटरचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने तपासा. नव्या जोडणीत ते किंचित बसतात आणि सैल होतात.